व्हिस्कीचं घराणं पाच पिढ्या टिकतं ते कशावर?

प्रश्न असा आला होता, जसाच्या तसा देतो: "सर, ग्लेनफिडिक अजून एकाच कुटुंबाच्या मालकीचं आहे म्हणतात, जॉनी वॉकर हे पण एका माणसाचंच नाव, मग यातलं खरं घराणं कुठलं? ही घराणी दारू स्वतः गाळतात की नुसती मिसळतात? मी आणि माझा भाऊ माल्टची छोटी डिस्टिलरी काढायचं म्हणतोय, घरचा धंदा म्हणून जमेल का?"

तीन वेगळे प्रश्न दिसतात पण उत्तर एकाच जागी आहे, गोदामात. मी २७ वर्षं ब्लेंडिंगमध्ये आहे, सुरुवात एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केली, मग बाटलीबंद करणाऱ्या दोन-तीन कंपन्यांमध्ये, आणि माझं ठाम मत आहे की या धंद्यात दारू चांगली गाळणारे पुष्कळ आले नि गेले, टिकले ते ज्यांनी गोदामातला माल अडचणीच्या वर्षीही विकला नाही. आणि तो माल विकायला लागू नये म्हणून कोणाच्या दारात उभं राहायला लागणार नाही अशी सोय करून ठेवली. ग्रँट घराण्याचा, म्हणजे ग्लेनफिडिकवाल्यांचा, सगळा इतिहास हाच आहे, म्हणून तोच सविस्तर सांगतो.

पण त्याआधी गाळणं आणि मिसळणं यातला फरक क्लिअर करू, कारण तिथंच बहुतेकांचा घोळ होतो. माल्ट व्हिस्की म्हणजे जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, दळायचे, गरम पाण्यात त्याची साखर काढायची, ती यीस्टने आंबवायची आणि मग तांब्याच्या भट्टीत सहसा दोनदा गाळायची. हे घाण्या-घाण्याने होतं, वेळ लागतो, खर्च जास्त, पण चव भरपूर. दुसरी ती ग्रेन व्हिस्की, गहू किंवा मका वापरून उभ्या कॉलममध्ये सलग गाळलेली, स्वस्त आणि हलकी. हा कॉलम १८३० साली डब्लिनच्या एनिअस कॉफीनं पेटंट केला, आणि तो आधी एक्साईजचा अधिकारी होता. आपल्या कारखान्यांत मळीपासून स्पिरिट काढायचे जे उंच कॉलम दिसतात ते त्याच वंशातले. ब्लेंडर हा तिसरा माणूस, तो गाळत नाही, तो वीस-तीस ठिकाणचे माल्ट आणि दोन-तीन ग्रेन घेऊन दरवर्षी तीच चव उभी करतो. हे काम ऐकायला सोपं वाटतं पण दर पिंप वेगळं निघतं, एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं शेजारी-शेजारी ठेवली तरी बारा वर्षांनी एक मधासारखं आणि एक ओल्या पुठ्ठ्यासारखं, असंही होतं. आम्ही नमुना पाण्यानं वीस टक्क्यांपर्यंत उतरवतो आणि नाकानं बघतो, जिभेवर क्वचित घेतो, सकाळची वेळ, अत्तर नाही, वासाचा साबण नाही, तंबाखू तर नाहीच.

आता जॉन वॉकर. तो गाळणारा नव्हता, किराणा दुकानदार होता. वडील १८१९ ला गेले, शेत विकलं, त्या पैशातून १८२० ला स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉक गावात दुकान टाकून दिलं, तेव्हा पोरगं पंधरा वर्षांचंसुद्धा पुरतं नव्हतं. त्या काळच्या किराणा दुकानात चहा, मसाले, वाईन आणि व्हिस्की सगळं असायचं, आणि चहाची पानं चार मळ्यांची मिसळून आपल्या दुकानाची एक चव करायची हे त्या दुकानदारांना पाठ होतं. चहा मिसळणारं नाक व्हिस्कीकडं वळणं साहजिकच. १८५२ ला किल्मार्नॉकला पूर आला, दुकानातला माल गेला, तरी उभं राहिलं. मग कायदा बदलला, १८५३ ला कर भरायच्या आधीच गोदामात माल्टमध्ये माल्ट मिसळायला परवानगी मिळाली आणि १८६० ला माल्ट आणि ग्रेन एकत्र करायला. हा शेवटचा बदल म्हणजे आजच्या ब्लेंडेड स्कॉचचा जन्म. मुलगा अलेक्झांडर तोवर दुकान बघायला लागला होता, त्यानं चौकोनी बाटली आणली म्हणजे पेटीत जास्त बसतात आणि फुटतात कमी, लेबल २४ अंशात तिरकं लावलं, आणि ग्लासगोच्या जहाजांवरून माल जगभर पाठवला. जॉन स्वतः १८५७ ला गेला, त्यानं ज्याला आज आपण जॉनी वॉकर म्हणतो तो ब्रँड बघितलाच नाही, रेड लेबल आणि ब्लॅक लेबल ही नावं १९०९ ची, नातवांच्या काळातली.

इथं एक दुवा आहे जो मला फार आवडतो. स्कॉटलंडमध्येच स्पे नदीच्या खोऱ्यात कार्डू नावाची डिस्टिलरी, ती कमिंग कुटुंबाची. हेलन कमिंग ही बाई १८११ पासून घरात चोरून गाळायची, आणि कर-अधिकारी आले की गोठ्यावर लाल निशाण लावून शेजारच्या शेतांना इशारा द्यायची, १८२३ च्या कायद्यानंतर १८२४ ला त्यांनी रीतसर लायसन्स घेतलं. पुढं तिची सून एलिझाबेथ कमिंग विधवा झाली आणि तिनं धंदा हातात घेतला, वाढवला, नवी डिस्टिलरी बांधली. नवी बांधली म्हणजे जुनी भांडी मोकळी झाली. ती जुनी भांडी १८८६ ला विल्यम ग्रँटनं विकत घेतली. आणि सात वर्षांनी, १८९३ ला, तीच नवी डिस्टिलरी एलिझाबेथनं वॉकरांना विकली. म्हणजे आज जगात सर्वांत जास्त विकली जाणारी स्कॉच आणि सर्वांत नावाजलेलं सिंगल माल्ट (म्हणजे एकाच डिस्टिलरीचं, बाहेरचं काही न मिसळलेलं माल्ट), दोघांच्या मागं त्या एका बाईचा व्यवहार आहे, आणि तिचं नाव बाहेर फारसं कोणाला माहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

तर विल्यम ग्रँट. जन्म १८३९, गाव डफटाउन, बाप शिंपी, लहानपणी गुरं राखली, मग चांभाराकडं उमेदवारी केली, मग चुन्याच्या भट्टीवर कारकून आणि १८६६ ला गावातल्या मॉर्टलाक डिस्टिलरीत हिशेबनीस म्हणून लागला. तिथं वीस वर्षं. हिशेबनीस ते मॅनेजर. घरात सात मुलगे, दोन मुली. मी याच्याकडं बघतो तेव्हा मला आपल्याकडचे कारखान्यातले जुने केमिस्ट आठवतात, ज्यांना कारखान्याचा प्रत्येक व्हॉल्व्ह पाठ असतो पण स्वतःचं काही नसतं. हा माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडतो. कार्डूची जुनी भांडी, भट्ट्या, गिरणी असं सगळं मिळून ११९ पौंड १९ शिलिंग १० पेन्सला पडलं, म्हणजे बरोब्बर १२० पौंडाला दोन पेन्स कमी. एक गवंडी ठेवला, बाकी दगड वाहणं, भिंती रचणं घरच्यांनी केलं. साधारण वर्षभर लागलं आणि १८८७ च्या ख्रिसमसच्या दिवशी, २५ डिसेंबरला, पहिली धार पडली. नाव ठेवलं ग्लेनफिडिक, गेलिकमध्ये अर्थ हरणांची दरी. पाणी रॉबी डू नावाच्या झऱ्याचं, आणि ग्रँटांनी पुढं झऱ्याभोवतीची जमीनच घेऊन टाकली. हा मुद्दा मनात ठेव, पाणी दुसऱ्याच्या हातात ठेवायचं नाही.

१८९२ ला शेजारीच दुसरी डिस्टिलरी, बॅल्वेनी. त्या भट्ट्याही जुन्याच, एक लागावूलिनची, एक ग्लेन अल्बिनची. जुनं भांडं घेतलं म्हणून काही कमी होत नाही, उलट तांब्याच्या भट्टीचा आकार आणि मान कशी आहे त्यावर चव ठरते आणि आज जरी तिथं भट्टी झिजली तरी नवी बनवताना जुन्याच मापानं बनवतात. बॅल्वेनीत आजही काही जव जमिनीवर पसरून फावड्यानं उलटे-पालटे करतात, स्वतःचे पिंप बनवणारे आहेत, तांब्याचे कारागीर आहेत. ते जव उलटून उलटून पूर्वीच्या कामगारांचा एक खांदा खाली लोंबायचा, त्याला ते मंकी शोल्डर म्हणत, त्या नावाची व्हिस्की याच कंपनीची, २००५ ची.

इथपर्यंत ग्रँट फक्त गाळत होते, आणि माल ब्लेंडरना विकत होते. सगळी स्कॉटलंडची माल्टवाली माणसं तेव्हा तेच करत. फ्रान्समध्ये द्राक्षाच्या वेलींना फिलॉक्सेरा नावाची कीड लागली होती, ब्रँडी मिळेनाशी झाली, इंग्लंडमधला पैसेवाला ग्राहक व्हिस्कीकडं वळला, तेजी इतकी की गावोगावी डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या, बँका साठ्यावर डोळे झाकून कर्ज देत होत्या. लीथ बंदरातले रॉबर्ट आणि वॉल्टर पॅटिसन हे दोघे भाऊ या तेजीचे राजे. मुळात दूध-लोण्याचे व्यापारी. जाहिरातीसाठी पोपट शिकवून दुकानदारांना वाटले, त्यांच्या व्हिस्कीचं नाव घेणारे पोपट! आणि आत काय, तर स्वस्त माल घ्यायचा, त्यात थोडंसं चांगलं माल्ट टाकायचं आणि उंची नावानं विकायचा, साठ्याची किंमत फुगवून त्यावर आणखी कर्ज. डिसेंबर १८९८ ला फुगा फुटला. १९०१ ला दोघं भाऊ फसवणुकीसाठी तुरुंगात गेले. पण त्यांच्याबरोबर त्यांना माल देणारे कितीतरी लहान डिस्टिलरीवाले रस्त्यावर आले, काही डिस्टिलऱ्या बांधून पूर्ण होता होताच बंद पडल्या.

ग्रँटांचाही मोठा गिऱ्हाईक पॅटिसनच. बाकीच्यांनी उत्पादन कमी केलं, माल मिळेल त्या भावाला काढला. विल्यम ग्रँट तेव्हा साठीला आलेला, त्यानं उलट ठरवलं की आता आपणच ब्लेंडर व्हायचं. गोदामात माल आहे, ग्रेन बाहेरून विकत घेऊ, मिसळू आणि बाटली आपल्या नावानं विकू. जावई चार्ल्स गॉर्डन शाळामास्तर होता, त्याला ग्लासगोला दुकान-दुकान फिरायला पाठवलं. घराण्यात सांगतात की पहिली पेटी विकायला त्याला पाचशे तीन भेटी द्याव्या लागल्या. आकडा जसा आहे तसा घे, पण ज्यानं नवीन ब्रँडची बाटली हातात घेऊन परमिट रूमच्या मालकांसमोर उभं राहायचं काम केलंय त्याला तो आकडा खोटा वाटणार नाही, मला तरी वाटत नाही. ब्लेंडचं नाव स्टँडफास्ट, ग्रँट कुळाच्या युद्धघोषणेतलं, 'ठाम उभे रहा'. १९०३ ला विल्यम ग्रँट अँड सन्स ही कंपनी रीतसर झाली, १९०९ ला तोच मास्तर जावई ऑस्ट्रेलिया आणि पूर्वेकडच्या देशांच्या लांब दौऱ्यावर निघाला, पहिल्या महायुद्धापर्यंत तीसेक देशांत माल जात होता. विल्यम १९२३ ला गेला, शेवटची काही वर्षं त्याला दिसत नव्हतं.

म्हणजे ही पहिली अडचण: विकणारा बुडाला, तर विकायचं काम स्वतः घेतलं.

दुसरी वेळ अमेरिकेतली दारूबंदी, १९२० ते १९३३. स्कॉटलंडच्या बहुतेक भट्ट्या थंड पडल्या. विल्यमचा नातू विल्यम ग्रँट गॉर्डन यानं त्या काळात उत्पादन वाढवलं. लोकांना वेडेपणा वाटला असणार. पण आजची व्हिस्की उद्याच्या बाजारासाठी गाळायची नसते, दहा-बारा वर्षांनंतरच्या बाजारासाठी गाळायची असते आणि तेव्हा काय होईल हे कोणालाच माहीत नसतं, एवढं ज्याला कळलं तो मंदीत भट्टी बंद करायची घाई करत नाही. बंदी उठली तेव्हा इतरांकडं बाटलीत घालायला वय झालेला माल नव्हता, यांच्याकडं होता.

पण आता हे बघ की वॉकर त्याच काळात काय करत होते. ग्रेन व्हिस्की गाळणाऱ्या सहा कंपन्यांनी १८७७ ला एकत्र येऊन डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड काढली होती, धंद्यात तिला डीसीएल म्हणत. १९२५ ला वॉकर, ड्यूअर आणि ब्यूकॅनन ही मोठी घराणी तिच्यात विलीन झाली. चूक केली असं मी म्हणणार नाही, त्या मंदीत ते शहाणपणाचंच होतं आणि नंतरही काही वर्षं अलेक्झांडर वॉकर, जॉनचा नातू, तिथं वजनदार होता. पण मालकी गेली ती गेली. १९८६ ला गिनेस या बिअर कंपनीनं डीसीएल घेतली, १९९७ ला त्यातूनच डियाजिओ ही बडी कंपनी झाली, आणि २०१२ ला किल्मार्नॉकचा बाटलीबंद करायचा कारखानाही बंद झाला, जिथं १८२० पासून हे नाव होतं. नाव बाटलीवर आहे, गावात उरलं नाही. म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला उत्तर: वॉकर हे एके काळचं घराणं, ग्रँट हे आजचंही.

तिसरी अडचण माझ्या दृष्टीनं सर्वांत शिकण्यासारखी. ब्लेंड करायला ग्रेन लागते, आणि ग्रेनचा नळ बहुतांश डीसीएलच्या हातात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ग्रँटांनी स्टँडफास्टची टीव्हीवर जाहिरात केली, मोठ्या कंपनीला ते रुचलं नाही, पुरवठ्यावरून कुरबूर झाली. विल्यमचा पणतू चार्ल्स गॉर्डन यानं काय केलं, तर स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला समुद्रकाठी गर्व्हन इथं स्वतःची ग्रेन डिस्टिलरी उभारली, नऊ महिन्यांत. पहिली धार परत ख्रिसमसलाच, १९६३. ज्यानं कॉलम उभा करायचं काम जवळून बघितलंय त्याला विचार नऊ महिने म्हणजे काय असतं, आपल्याकडं नुसत्या परवानग्यांत तेवढा वेळ जातो.

आणि त्याच १९६३ ला त्याचा भाऊ सँडी यानं दुसरी गोष्ट केली. तोवर स्कॉटलंडच्या बाहेर 'स्कॉच' म्हणजे ब्लेंड, सिंगल माल्ट ही डोंगरातल्या लोकांची पिण्याची गोष्ट. यांनी ग्लेनफिडिक तसंच, न मिसळता, स्ट्रेट माल्ट म्हणून इंग्लंडात आणि बाहेर विकायला काढलं, त्रिकोणी हिरव्या बाटलीत. ती त्रिकोणी बाटली हान्स श्लेगर या डिझायनरची, मूळ स्टँडफास्टसाठी १९५७ च्या सुमारास केलेली. १९६९ ला डिस्टिलरी लोकांना बघायला खुली केली, कारण माल्ट म्हणजे काय हे समजावल्याशिवाय ते विकलं जाणार नव्हतं. आज जगभर जो सिंगल माल्टचा बाजार दिसतो त्याची सुरुवात इथून आहे. पण मुद्दा हा की हे करायला त्यांच्याकडं वय झालेलं माल्ट गोदामात पडून होतं. पैशावाल्या दुसऱ्या कुणी त्या वर्षी ठरवलं असतं तरी जमलं नसतं, कारण आठ वर्षांची व्हिस्की करायला आठ वर्षंच लागतात.

या साठ्याला ते किती जपतात याचं एक उदाहरण. डिस्टिलऱ्या एकमेकांशी मालाची अदलाबदल करतात, कारण ब्लेंडला विविधता लागते. मग ग्लेनफिडिकची पिंपं बाहेर गेली आणि कुणी ती सिंगल माल्ट म्हणून बाटलीत भरून 'ग्लेनफिडिक' असं विकली तर? म्हणून पाठवायच्या आधी त्यात बॅल्वेनी थोडीशी टाकतात, एखादा चमचा म्हण, धंद्यात याला टीस्पूनिंगच म्हणतात. चवीत फरक शून्य, पण दोन डिस्टिलऱ्यांचा माल एकत्र आला की कायद्यानं ते सिंगल माल्ट राहत नाही. असं चमचा टाकलेलं ग्लेनफिडिक वॉर्डहेड नावानं जातं आणि बॅल्वेनी बर्नसाइड नावानं. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मालाची एवढी काळजी करणाऱ्या माणसांबद्दल मनात आदरच वाटला.

आणि घराणं म्हणजे फक्त आडनाव लावणारे नव्हेत. डेव्हिड स्ट्युअर्ट १९६२ ला सतराव्या वर्षी साठ्याचा कारकून म्हणून लागला, म्हणजे नोकरीची सुरुवातच पिंपांच्या वहीपासून. १९७४ ला माल्ट मास्टर, म्हणजे माल्टची चव ठरवणारा प्रमुख, झाला. एका लाकडात मुरलेली व्हिस्की काही काळ दुसऱ्या, शेरी वाईनच्या पिंपात ठेवायची हा प्रयोग त्यानं ऐंशीच्या दशकात केला, बॅल्वेनी डबलवुड १९९३ ची, आज जगातल्या अर्ध्या डिस्टिलऱ्या ते करतात. साठ वर्षं एका कंपनीत! विल्यमच्या एका नातीबद्दलही सांगतो, जॅनेट शीड रॉबर्ट्स, १९०१ चा जन्म, २०१२ ला ११० व्या वर्षी गेली. जिनं भांडी जमवणाऱ्या आजोबांना बघितलं ती आपल्या काळापर्यंत होती, त्यामुळं त्या घरात 'आजोबा काय म्हणायचे' हे सांगणारं माणूस कायम होतं. मालकांच्या बैठकीत अशी एक म्हातारी बाई असली की कोणी चटकन 'विकून टाकू' म्हणत नाही.

आता आपल्याकडं. तू विचारलंस म्हणून स्पष्ट सांगतो, आपल्याकडं व्हिस्की म्हणून जे बहुतांश विकलं जातं ते मळीच्या स्पिरिटवर आधारलेलं, त्यात थोडं माल्ट, थोडं फ्लेवर. युरोपात त्याला व्हिस्की म्हणता येत नाही, तिथं धान्यच लागतं आणि तीन वर्षं लाकडात. मी स्वतः असा माल हजारो पेट्या बनवलाय आणि कष्टानं बनवलाय, पण त्यात साठ्याला काही अर्थ नसतो, स्पिरिट आज आलं, परवा बाटलीत. साठा नाही म्हणून घराणं उभं राहायचं कारणच नाही. महाराष्ट्रात शिवाय १९४९ चा दारूबंदी कायदा, पिढ्यान् पिढ्या डोक्यावर टांगलेली लायसन्सची तलवार, कोण बारा वर्षांनंतरचा विचार करणार.

तरी एक उदाहरण आहे आणि आडनावही आपल्या ओळखीचं, जगदाळे. राधाकृष्ण जगदाळे यांनी बंगलोरला १९४८ ला अमृत डिस्टिलरीज काढली, सुरुवातीला मिसळून बाटलीत भरायचंच काम, लष्कराच्या कँटीनला माल, १९४९ ची सिल्व्हर कप ब्रँडी पहिली. १९७६ ला ते गेल्यावर मुलगा नीलकंठराव आले. ऐंशीच्या दशकात त्यांनी माल्ट गाळायला घेतलं, ते त्यांच्याच ब्लेंडमध्ये जायचं. म्हणजे ग्रँट गाळण्याकडून मिसळण्याकडं गेले, हे मिसळण्याकडून गाळण्याकडं. नीलकंठरावांचा मुलगा रक्षित न्यूकॅसलला एमबीए करत होता, त्याला सांगितलं की भारतीय सिंगल माल्ट इंग्लंडात विकलं जाईल का याचाच प्रोजेक्ट कर. आणि २४ ऑगस्ट २००४ ला ग्लासगोत, तो मास्तर जावई चार्ल्स गॉर्डन जिथं दुकान-दुकान फिरला त्याच शहरात, अमृत बाजारात आणलं. तिथंही सुरुवातीला दारं बंदच होती. मग २००९ ला फ्यूजन आलं, भारतीय जव आणि स्कॉटलंडचे पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरात वाळवलेले जव यांचं, आणि व्हिस्की समीक्षक जिम मरेच्या त्या पुढच्या वर्षीच्या यादीत ते जगात तिसरं. नीलकंठराव २०१९ ला गेले. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन नावाचं सिंगल माल्ट गाळतात, २०१२ पासून बाहेर विकतात.

आता तुमचं दोघा भावांचं. मला स्वतःला लागलेली एक गोष्ट सांगतो. उमेदीच्या वर्षांत मी एके ठिकाणी होतो, मालकांनी हौसेनं माल्टची चारशे पिंपं भरून ठेवली होती, चांगला माल होता, मी दर दोन महिन्यांनी नमुने काढायचो, वहीत लिहायचो. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी पैशाची ओढाताण झाली, बँकेचा तगादा, आणि सगळा माल टँकरनं दुसऱ्या बॉटलिंगवाल्याला गेला. गेटपासवर सही माझी. दोन वर्षांनी बाजारात माल्टची मागणी आली तेव्हा त्याच मालकांनी मला विचारलं, आपल्याकडं जुनं काय आहे? माझ्याकडं फक्त ती वही होती. ती अजून आहे.

म्हणून लायसन्स, भट्टी, ब्रँडचं नाव याच्या आधी हा हिशोब मांडा. बोर्बनचं, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीचं रिकामं झालेलं, एक पिंप २०० लिटरचं. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातात, बारा वर्षांनी १५७ लिटरच्या आसपास उरतात. बंगलोरला वर्षाला अकरा-बारा टक्के उडतात असं अमृतचाच अनुभव, म्हणजे चार वर्षांत १२५ च्या आसपास आणि बारा वर्षं ठेवलं तर पन्नास लिटरसुद्धा राहत नाही. आपल्याकडं घाटाच्या पूर्वेला उन्हाळा बंगलोरहून कडक, जास्तच धरा. माल लवकर मुरतो हे खरं, तीन-चार वर्षांत छान होतो, बारा वर्षांची हाव धरायची गरज नाही. पण पहिली तीन-चार वर्षं विकायला काहीच नाही आणि पगार, वीजबिल, व्याज चालू, वर माल कमी होतोय तो वेगळा. तेवढी वर्षं घर कशावर चालणार ते आधी लिहा. कर्ज काढलं तर ते साठ्यावर काढू नका, कारण बँक तोच विकायला लावते. जमीन असेल, दुसरा चालू धंदा असेल, त्याच्या जिवावर करा. पाणी स्वतःचं हवं, विहीर असेल तर मे महिन्यात किती राहतं ते दोन वर्षं मोजा. जव कुठून आणणार, माल्टिंग कोण करून देणार, आणि तो एकच माणूस असेल तर त्यानं उद्या नाही म्हटलं तर काय, हे विचारा. पहिल्या वर्षी पिंपं कमी भरा पण दरवर्षी भरा, एकही वर्ष सोडू नका, कारण मधलं वर्ष सुटलं की चार वर्षांनी नेमकी तिथं भोकाची जागा दिसते.

आणि दोघा भावांनी आजच कागदावर लिहून ठेवा की पहिली दहा पिंपं कोणा एकाच्या सहीनं विकली जाणार नाहीत, दोघांच्या सह्या लागतील. वहिनींची तिसरी सही घेतलीत तर आणखी बरं. हिशोब मांडून झाला की पाठव, मी नीट बघतो, आकडे चुकलेले असले तरी पाठव.